पोलादाची साल

सिडनीने भाजीच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पोलादाचा तुकडा काढला आणि सतराव्या मजल्यावरच्या काचेच्या टेबलावर दाणकन ठेवला. कॉफीचे कप हिंदकळले.

"हे काय?" मयूर सरांनी लॅपटॉप मागे ओढला. कारखान्याचे ते प्रमुख. कारखाना खोपोलीच्या पुढे आणि प्रमुख लोअर परळला, एसीत.

"त्या दिवशी फुटलेली कांब, सर. तिची साल. रस साच्यात बाहेरून आधी गोठतो ना, ती."

चौकशीचा कागद तासभर सिडनीपुढे पडून होता. साक्षीदार म्हणून त्याची सही तेवढी हवी होती. सिडनीच्या पाळीतल्या दीपकने साच्याभोवतीचं थंड पाणी वेळेत तपासलं नाही, म्हणून ओतताना कांब फुटली आणि पोलादाचा रस खाली सांडला, असं त्यात लिहिलं होतं. दीपक दोन्ही पाय भाजून भायखळ्याच्या इस्पितळात होता. आडव्या पडलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडणं सगळ्यांत सोपं, तो उठून भांडायला येत नाही. सही झाली की त्याची नोकरी जाणार होती.

"पाळीच्या लॉगमध्ये साच्यातून कांब ओढायचा वेग मिनिटाला दोन पॉइंट सात मीटर नोंदलाय," मयूर सर म्हणाले. "वेग बरोबर होता. पाणीच कमी पडलं असणार."

"लॉग कोण पण लिहितो, सर. ह्याच्यावर कोण लिहिणार?" सिडनी बैठकीची नोंद टाइप करणाऱ्या अक्षदाकडे वळला. "मॅडम, पट्टी आहे?"

अक्षदा कंपनीतली नवी इंजिनिअर, लालबागची. पट्टी घेऊन ती स्वतःच उठून आली. सालीवर एकाखाली एक आडव्या सुरकुत्या होत्या. रस चिकटू नये म्हणून तांब्याचा साचा सतत वरखाली हलतो आणि प्रत्येक हेलकाव्याची एक सुरकुती सालीवर उमटते. मिनिटाला एकशे ऐंशी हेलकावे. लॉग खरा असता तर दोन सुरकुत्यांमध्ये पंधरा मिलिमीटर भरले असते.

"वीस," ती म्हणाली. तिने पुन्हा मोजलं. "सगळीकडे वीसच. म्हणजे तीन पॉइंट सहा मीटर."

एवढ्या वेगात उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. साल पातळ राहते आणि साच्याबाहेर येताच आतल्या रसाच्या भाराने फुटते. तिथे दीपकचं पाणी काय करणार होतं, कप्पाळ!

मयूर सर हसले.

"ठीक आहे, सिडनी. मग वेगाचं बटण कोणाच्या हातात होतं?"

सिडनीच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. गिरगावात त्याच्या बायकोने, डोरिसने, त्या दिवसाच्या जेवणाची यादीसुद्धा करून ठेवली होती.

"माझ्या," तो म्हणाला. "लिहा. वरून फोन आला नि मी वेग वाढवला. दीपक नको बोलत होता, तरी वाढवला. घाबरलो नोकरीला. त्याचे पाय जळले ते माझ्यामुळे, हे पण लिहा. त्याच्यावर सही करतो मी. ह्याच्यावर नाय." त्याने चौकशीचा कागद परत सरकवला.

"विचार करून बोल. यातून तू सुटणार नाहीस."

"सुटायला आलोच नाय, सर."

फोन कोणाचा, ते कोणी विचारलं नाही. अक्षदा जागेवर जाऊन बसली. तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. तिने सिडनीचं बोलणं शब्दन्‌शब्द टाइप केलं, त्याखाली एक ओळ मोकळी सोडली आणि मान वर केली.

"मयूर सर, फोन तुम्ही किती वाजता केला होतात?"