बंधू बाल्दोमेरोने तोडलेलं शेपूट

बंधू बाल्दोमेरोने हवेत तीनदा सपकन कोयता फिरवला, तीनदा थुंकला, आणि वारा थांबला.

थांबला म्हणजे ठप्प! मी आयुष्यभर थापा मारत आलोय, हे आमच्या अख्ख्या प्लाया मान्सा गावाला ठाऊक आहे. एका वादळाने माझी मिशी उपटून पलीकडच्या गावच्या न्हाव्याला नेऊन चिकटवली, असं मी सांगतो, आणि लोक मला रम पाजतात. पण ही थाप नव्हे. गावात दगडी बांधकाम म्हणाल तर एकच, बंद पडलेल्या साखर कारखान्याचं गोदाम. त्यात आम्ही साठ माणसं पहाटेपासून एकमेकांना चिकटून बसलो होतो. बाहेर घरांची छपरं उडून जात होती. आणि कोयत्याच्या तिसऱ्या फटक्याला सगळा आरडाओरडा बंद. फटीतून चक्क ऊन आत आलं.

"तुटलं! वादळाचं शेपूट तुटलं!" गोदाम दणाणून गेलं. बायका बाल्दोमेरोच्या पायांवर पडल्या. माझी बायको युफेमिया सगळ्यांत पुढे, छातीशी आमची तीन आठवड्यांची लुस.

आमच्याकडे समुद्रावर ढगाची सोंड उतरली की म्हातारे कोयत्याने हवेत फुली मारतात. सोंड आपसूक विरते, नाव कोयत्याचं होतं. पण अख्ख्या वादळालाही शेपूट असतं, ही विद्या बाल्दोमेरोची. तीन दिवसांपूर्वी तो उगवला. गळ्यात पत्र्याचा डबा. डब्यात म्हणे संताचं काळीज. डब्याला कान लावायचा, डोळे फिरवायचा आणि गळा काढायचा, "काळीज बोलतंय! वादळ येतंय, पण बाल्दोमेरो उभा आहे, बाळांनो, उभा आहे!"

शाळेच्या ओर्तेन्सिया बाई तेव्हा घरोघर हिंडत होत्या. "खिडक्यांना फळ्या ठोका. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आजच डोंगरावर हलवा. होड्या खारफुटीत नेऊन चारही बाजूंनी बांधा."

बाल्दोमेरो म्हणाला, "खिळा ठोकाल तो संताच्या छातीत ठोकाल. डोंगरावर पळतो तो अविश्वासी. होडीला एक दोर पुरे, श्रद्धेचा!"

झालं. डोंगर राहिला, फळ्या राहिल्या. माझा धाकटा भाऊ निकानोर, सोन्यासारखा नावाडी, त्यानेही होडी एकाच दोराने बांधली. शेपूट तोडायला सोनं लागतं म्हणून बायकांनी कानातलं काढून दिलं. अगदी शेवटी घरं हलायला लागली, तेव्हा बाईंनी एकेकाला दटावून गोदामात कोंबलं, म्हणून तर साठ जण जिवंत होतो.

आणि आता हा चमत्कार.

"शेपूट समुद्रात पडलंय!" बाल्दोमेरो कोयता नाचवत म्हणाला. "जा, पाण्याला पाय लावून या! सगळे जा! मागे राहील त्याच्या घरात शेपूट शिरेल!"

"थांबा जरा," बाई दारात आडव्या झाल्या. "तासभर तरी वाट पाहू."

"बाई, तुम्ही फळ्यावर लिहा, आम्ही डोळ्यांनी बघतोय," फुलहेन्सियो म्हणाला. हा देवळात घंटा वाजवायचा. "निळं आभाळ दिसत नाही का?"

माणसं बाईंना ढकलून बाहेर पडली. मीही गेलो, खोटं कशाला सांगू? बाहेर ऊन, दमट उकाडा, अंगणात थकून पडलेले समुद्रपक्षी. हाताने उचलले तरी उडेनात. आणि समुद्र! सकाळभर वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहिला होता, त्याने पाणीच ढकलून मागे नेलं होतं. दोनशे पावलं चिखल उघडा पडला होता आणि त्यावर मासे तडफडत होते. लोक टोपल्या भरायला लागले. संताचा प्रसाद!

"मी लुसचे पाय भिजवणार," युफेमिया म्हणाली. "नवस बोललेय. तिची शाल आण गोदामातून, वारा लागेल."

"वारा तर तोडला ना महाराजांनी?"

"क्रिसांतो, आजच्या दिवशी तरी जिभेला हाड असू दे!"

निकानोर हसला. "मी होडी बघून येतो, दादा," म्हणाला आणि खारफुटीकडे निघाला. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

मी शालीसाठी परतलो. गोदामाला दोन दारं, एक डोंगराकडे, एक समुद्राकडे. सकाळी डोंगराकडच्या दाराला आम्ही अडसर घातला होता, वर साखरेची जुनी पोती रचली होती. समुद्राकडचं दार मोकळं ठेवलं होतं. आमच्या किनाऱ्यावर हे रांगतं मूलसुद्धा जाणतं. वारा येईल ते दार बंद, समोरचं उघडं. नाहीतर आत घुसलेला वारा छप्पर उचलून जातो.

आत पाहतो तर बंधू बाल्दोमेरो घामाघूम. डोंगराकडची पोती ओढत ओढत समुद्राकडच्या दाराशी नेतोय! त्या दाराचा एक पल्ला त्याने लावूनही घेतला होता.

"काय महाराज, आवराआवर?"

तो दचकला. "संताला... संताला जागा करतोय."

कोपऱ्यात पेत्रोनिला आजी बसली होती. नव्वदीची, बाहेर न गेलेली एकटीच. ती पुटपुटली, "विरासोन."

मला हसू आलं. विरासोन म्हणजे आमच्यात तापट बाई. माझी सासू हसता हसता भांडं फेकते, तेव्हा सगळे म्हणतात, "आली विरासोन!" पण माझ्यामागून आत आलेल्या ओर्तेन्सिया बाई आजीपुढे गुडघ्यांवर बसल्या. "आजी, हा शब्द आला कुठून?"

"वाऱ्याचा शब्द तो. बायकांना नंतर चिकटला," आजी म्हणाली. "वारा थांबतो, ऊन पडतं. मग वळतो आणि उलट्या बाजूने येतो. तो विरासोन. माझा बाप अशाच उन्हात होडी बघायला गेला होता."

बाईंनी झटकन बाल्दोमेरोच्या गळ्यातला डबा ओढला. झाकण उडालं. कानातली घरंगळली आणि त्यांच्याखालून निघालं संताचं काळीज! गोल तबकडी, काच, काटा.

"जहाजावरचा वायुभारमापक," बाई म्हणाल्या. "हवेचा दाब दाखवतो. वादळ संपलं असतं, तर काटा चढला असता. हा तळाला चिकटलाय. तुम्ही जहाजावर होता ना?"

"स्वयंपाकी होतो," बाल्दोमेरो पडेल आवाजात म्हणाला. "तबकडी तिथलीच. हे ऊन मी पूर्वीही पाहिलंय. काटा पडायचा थांबला की फटींकडे नजर ठेवायची. पाऊस विरळ झाला की कोयता काढायचा."

"आणि ही माणसं परत आली असती, तर दार उघडणार होता?"

तो वाकून घरंगळलेली कानातली गोळा करायला लागला.

मी धावत सुटलो. "परत फिरा! वादळ परत येतंय!"

सगळा किनारा खो खो हसला. "क्रिसांतोची नवी थाप!" फुलहेन्सियो ओरडला. "या खेपेला कुणाची मिशी?"

चाळीस वर्षं मी ज्या हसण्यावर जगलो, ते त्या दिवशी माझ्या गळ्याचा फास झालं. मी रडलो, छाती बडवली; तसे ते अधिकच हसले. मग शहाणपण सुचलं म्हणा की भीतीने तोंडून निघालं म्हणा, "बाल्दोमेरो समुद्राकडचं दार बंद करतोय! पोती लावतोय समुद्राकडच्या दाराला!"

हसणं तुटलं. कोळ्यांच्या हातातले मासे तसेच राहिले. कोणतं दार कधी बंद करतात, हे त्यांना शिकवायला बाई लागत नव्हत्या. सगळ्यांच्या माना दक्षिणेकडे वळल्या. निळ्या आभाळाच्या कडेला, समुद्रावर, काळी भिंत उभी होती. चालत येत होती.

मग जी पळापळ झाली! फुलहेन्सियो अजून टोपली सावरत होता. "संत राखील," म्हणाला. मी युफेमियाला दंडाला धरून ओढलं.

"अरे, नवस!"

"नवस माझ्या माथी!"

खारफुटी उजवीकडे, गोदाम डावीकडे. मी निकानोरला हाक मारली. पुन्हा मारली. खारफुटीतून उत्तर आलं नाही. लुस रडत होती, अंगावर पहिला उलटा झोत येत होता. मी डावीकडे वळलो. अजून रोज वळतो.

साठातले आम्ही अठ्ठावन्न जण आत होतो; निकानोर आणि फुलहेन्सियो नव्हते. समुद्राकडच्या दाराला सगळ्यांनी पाठी लावल्या, बाल्दोमेरोनेही. पाणी कमरेपर्यंत चढलं. पेत्रोनिला आजीला पोत्यांवर बसवलं होतं, लुसला आम्ही डोक्यावर धरलं होतं, आळीपाळीने, पाच तास.

पाणी ओसरल्यावर बाईंनी पातेल्यात कॉफी गरगर ढवळली आणि मधोमध एक पीस सोडलं. कडेची कॉफी पिसाटल्यासारखी फिरत होती. पीस जागच्या जागी.

"हे आपण, दुपारचे," बाई म्हणाल्या. "वादळाचा मध्य. पातेलं पुढे सरकलं की दुसरी कड आलीच. कोयत्याचा इथे काय संबंध?"

बाल्दोमेरोला कंठ फुटला. "मी तोडलं होतं शेपूट. तुम्ही शंका घेतलीत, म्हणून परत उगवलं."

आणि काय सांगू, दोन-तीन माना डोलल्या! भिजलेल्या, थरथरणाऱ्या, पण डोलल्या. तेव्हा युफेमिया उठली. तिने कोयता त्याच्या हातात ठेवला, त्याला दारात उभं केलं आणि खारफुटीकडे बोट दाखवलं. तिथे एकही झाड उभं नव्हतं.

"माझा दीर तिकडे आहे," ती म्हणाली. "जे काही तोडायचं ते तोडा, महाराज, आणि त्याला परत आणा."

त्याने कोयता खाली ठेवला. मग एकही मान डोलली नाही.

निकानोर सापडला नाही. होडी सापडली, डोंगराच्या पायथ्याशी. श्रद्धेचा तो एक दोर अजून तिला बांधलेला होता, फक्त दुसऱ्या टोकाला झाड नव्हतं.

आता आमच्याकडे विरासोन म्हणून कुणी बाईला चिडवत नाही. तो शब्द शाळेच्या भिंतीवर लिहिलाय, खाली त्याचा अर्थ. वादळाची वर्दी आली की फळ्या ठोकतो, म्हातारी माणसं डोंगरावर पोचवतो, होडी चारही बाजूंनी बांधतो. माझ्या थापांवर तुम्ही खुशाल हसा. पण कुणी तुम्हाला सांगितलं, की संकट मी तोडलंय, आता बिनघोर बाहेर जा, तर त्याच्या हातातल्या कोयत्याकडे पाहत बसू नका. मागे वळून पाहा, तो स्वतः कोणतं दार लावून घेतोय.