पस्तीस अंशांची शांतता

समुपदेशन केंद्रात नवीन यंत्र आलं, तेव्हा संचालकांनी त्याच्यासाठी सगळ्यांत चांगली खोली रिकामी करून घेतली. ती खोली ताईंची होती. बावीस वर्षं तिथे बसून ताईंनी लोकांची दुःखं ऐकली होती. यंत्राला ऐकू येत नव्हतं, पण त्याला खिडकीजवळचा प्लग हवा होता. ताईंची रवानगी जिन्याखालच्या खोलीत झाली. तिथे पूर्वी झाडू आणि बादल्या असत. झाडू-बादल्यांची सोय कुठे केली, हे कुणी सांगितलं नाही.

यंत्र म्हणजे एक पडदा, एक डबी आणि डबीतून निघालेली वायर. वायरीचं टोक बोटाला बांधायचं. मन धास्तावलं की रक्त आत पळतं, बोटं गार पडतात. मन निवांत झालं की ऊब परत येते. पडद्यावर तो आकडा बघत बघत आपलं मन आपणच निववायला शिकायचं, याला बायोफीडबॅक म्हणतात. कल्पना वाईट नव्हती. ताईंना ती मनापासून पटली होती. पटली नव्हती ती त्यांच्या बोटांना.

कारण नियम असा होता की रुग्णाला शिकवण्याआधी समुपदेशकाने स्वतः शिकायचं. बोटाचं तापमान पस्तीस अंशांवर न्यायचं आणि पाच मिनिटं तिथे टिकवायचं. जो टिकवेल त्याला प्रमाणपत्र. जो टिकवणार नाही त्याचे रुग्ण सोमवारपासून टिकवणाऱ्याच्या हवाली.

पहिल्या दिवशी ताईंच्या बोटाने अठ्ठावीस दाखवले.

"छान," प्रशिक्षक म्हणाला. तो तिशीतला होता आणि कशालाही छानच म्हणायचा. "आता प्रयत्न करू नका."

"म्हणजे काय करू?"

"काहीच नाही. सोडून द्या."

ताईंनी सोडून दिलं. आकडा सत्तावीसवर आला.

"छान. तुम्ही सोडून देण्याचा प्रयत्न करताय."

"मग सोडून देण्याचा प्रयत्न न करण्याचा प्रयत्न करू का?"

"ताई, समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणा."

ताईंना समुद्र पाहिला तरी मळमळत असे. सव्वीस.

शिवाय त्या खोलीत एसी एकोणीसवर ठेवलेला. यंत्र तापलं की बंद पडतं, असं संचालकांचं म्हणणं. म्हणजे यंत्राने थंड राहायचं आणि माणसाने त्याच्यासमोर बसून गरम व्हायचं. ताईंनी हे बोलून दाखवलं. "नकारात्मक विचार," प्रशिक्षकाने वहीत लिहून घेतलं.

घरी ताईंनी नवऱ्यापुढे हात पुढे केला. नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. त्याने बोटं चाचपून पाहिली, नाकावरचा चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, "आयुष्यभर थंड होत नाही म्हणून तक्रारी घेतल्या. गरम होत नाही ही पहिलीच."

"चेष्टा करू नका. माझा मंगळवार जाईल."

मंगळवार म्हणजे शिंपीकाका. दर मंगळवारी अकराला येणारे, अडुसष्ट वर्षांचे. चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवले आणि एके दिवशी सुईत दोरा ओवताना हात थरथरायला लागले. मेंदूच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडलं नाही, म्हणून ताईंकडे पाठवलं. आठ महिने झाले, काका यायचे, टोपी मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "ठीक चाललंय." मुलगा? "मुलगा चांगला आहे." सून? "सूनही चांगली आहे." झोप? "चांगली." एवढी चांगली माणसं आणि एवढी चांगली झोप असून हात का थरथरावेत, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पण गेल्या महिन्यात काका जाता जाता दारात थांबले होते. काहीतरी म्हणणार होते, म्हणाले नाहीत. ताईंना ते थांबणं आठ महिन्यांच्या बोलण्यापेक्षा मोठं वाटलं होतं. आता त्यांना दुसऱ्या कुणापुढे बसवलं, तर पुन्हा पहिल्यापासून "ठीक चाललंय".

शुक्रवारी परीक्षा. गुरुवारी संध्याकाळी ताई सव्वीसवर होत्या.

"ताई, एक सांगू? रागावू नका," सुवर्णपदक म्हणाली. सुवर्णपदक म्हणजे केंद्रातली सगळ्यांत धाकटी समुपदेशक. पदकाचा फोटो टेबलावर ठेवल्यापासून तिचं हेच नाव पडलं होतं. ती पहिल्या फेरीतच छत्तीस अंश गाठून मोकळी झाली होती. तिने पिशवीतून एक रबरी पिशवी काढली. कंबर शेकायची.

"मांडीवर ठेवायची. वरून शाल. बोट पिशवीवर. प्रशिक्षक फक्त पडद्याकडे बघतो."

"अगं! तू अशी पास झालीस?"

"मला कंबरदुखी आहे," सुवर्णपदक म्हणाली आणि डोळे मिचकावून निघून गेली. पिशवी मात्र टेबलावरच राहिली.

ताईंनी ती उचलून कपाटात टाकली. कपाट बंद केलं. बावीस वर्षं त्या लोकांना सांगत आल्या होत्या, स्वतःशी खोटं बोलू नका, सगळी दुखणी तिथून सुरू होतात. मग त्यांना काकांची टोपी आठवली. शुक्रवारी सकाळी त्यांनी कपाट उघडलं आणि केंद्राच्या किटलीत पाणी तापत ठेवलं.

पस्तीस पॉइंट नऊ. पाच मिनिटं, वरती चाळीस सेकंद.

"अप्रतिम!" प्रशिक्षकाला पहिल्यांदाच छानऐवजी दुसरा शब्द सुचला. "पाहिलंत? शेवटी तुम्ही सोडून दिलंत."

काय सोडून दिलं, हे ताईंनी त्याला सांगितलं नाही.

मंगळवारी अकराला शिंपीकाका आले. त्या तासापुरतं यंत्र लांब वायर जोडून जिन्याखालच्या खोलीत आणलं होतं. ताईंनी वायर त्यांच्या बोटाला बांधली. काका पडद्याकडे असे बघत होते, जसं गिऱ्हाईक आरशात नव्या कोटाकडे बघतं.

पंचवीस.

"काका, काही करायचं नाही. फक्त सोडून द्यायचं," ताईंच्या तोंडून प्रशिक्षक बोलला.

चोवीस. काकांचा हात थरथरायला लागला, वायर थरथरायला लागली. "समुद्रकिनारा," ताई म्हणाल्या आणि त्यांची त्यांनाच शरम वाटली.

वीस मिनिटं गेली. काकांच्या कपाळावर घाम होता आणि बोट तेवीसवर. "तुम्हाला जमलं ना हो बाई?" त्यांनी हळूच विचारलं. "बाहेर पाटीवर लिहिलंय, तुम्ही छत्तीसपर्यंत गेलात म्हणून. मग मलाच का जमत नाही? माझ्यातच काही कमी असेल. घरीही तेच म्हणतात."

हे वाक्य आठ महिन्यांत पहिल्यांदा आलं होतं. ताईंनी ते ऐकलं. खोटं प्रमाणपत्र भिंतीवर होतं तोवर ते फक्त खोटं होतं; आता ते काकांच्या माथी बसत होतं.

"काका, मलाही जमलं नाही."

"पण पाटीवर..."

"मांडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली होती. शालीखाली. मी फसवलं."

काकांनी बोटाची पट्टी सोडली. सावकाश, शिंपी टाके उसवतो तशी, धागा तुटू न देता. वायर टेबलावर ठेवली. मग त्यांचा आवाज इतका चढला की जिन्यावरून जाणारं कुणीतरी थांबलं.

"आठ महिने मला सांगताय, खरं बोला, खरं बोला! मी घरी जाऊन आरशासमोर सराव करायचो, काय खरं सांगू म्हणून! आणि तुम्ही पिशवी घेऊन बसलात? लाज नाही वाटत?"

"वाटते," ताई म्हणाल्या.

"वाटायलाच पाहिजे!" काका उठले, टोपी घातली, दार आपटलं. त्या दाराला बिजागऱ्या झाडूंच्या काळातल्या होत्या. ते अर्धवटच आपटलं.

तासाभरात संचालकांचं बोलावणं आलं. त्यांच्या संगणकावर काकांचा आलेख होता. पंचवीसवरून तेवीस. "ही तर घसरण आहे, ताई."

"हो. आणि चूक माझी आहे. मी पिशवी वापरून पास झाले. माझं प्रमाणपत्र काढून घ्या. पण मंगळवार माझ्याकडे राहू द्या."

संचालक उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. "हळू बोला. तुमचं काढलं तर सगळ्यांचं काढावं लागेल."

"सगळ्यांचं?"

"मलाही कंबरदुखी आहे," संचालक खिडकीबाहेर बघत म्हणाले.

ताईंना हसू यायला हवं होतं. आलं नाही. केंद्रातल्या बारा जणांनी निवांत होण्याचं नाटक केलं होतं आणि बाराही जण ते आता रुग्णांना शिकवत होते. प्रामाणिकपणे नापास व्हायचीसुद्धा सोय राहिली नव्हती.

"प्रमाणपत्र ठेवते," त्या म्हणाल्या. "पण मंगळवारी अकराला ते यंत्र माझ्या खोलीत येणार नाही. आणि माझं नाव पाटीवरून उतरवा."

"आकड्यांच्या रकान्यात काय लिहू?"

"कंबरदुखी," ताई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

पुढच्या मंगळवारी पावणेअकरापासून ताई जिन्याखाली बसून होत्या. अकरा वाजले. अकरा दहा झाले. काका यायचे नाहीत, हे त्यांनी स्वतःला तीनदा सांगून झालं. अकरा वाजून बारा मिनिटांनी दार न वाजवता उघडलं. काका आत आले, बसले. टोपी मांडीवर ठेवली नाही, डोक्यावरच राहू दिली.

"मागच्या वेळी माझं बोलणं अर्धं राहिलं," ते म्हणाले.

"बोला. मी ऐकते."

"तुमच्याबद्दल नाही." त्यांनी थरथरता हात टेबलावर उघडा ठेवला, लपवला नाही. "माझं शिलाई मशीन मुलाने भंगारात दिलं. विचारलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे."