हिमरू शालीतला सर्व्हर

वाळूजच्या त्या कारखान्यात माल भरलेले ट्रक फाटकाशी खोळंबले होते. ड्रायव्हरांपासून कॅंटीनच्या बायकांपर्यंत सगळी जत्रा ऑफिसातल्या काचेच्या खोलीभोवती लोटली होती. आत छावणी भागातले मुंजाबा महाराज मांडी घालून बसले होते. समोर चौरंगावर देव नव्हता, सर्व्हर होता. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर ज्याच्या जिवावर चालत, ते मुख्य यंत्र.

"जाळं मोकळं, भूत वेगळं! अमावस्येची छाया हाय. तारेतून चढती, तारेतूनच उतरती!" महाराज गरजले. "आता दाबा!"

हेडक्लार्क रामकिसननं डोळे मिटून बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं. थोड्या वेळानं बाहेरच्या टेबलांवरचे पडदे एकेक करून उजळले.

"लई पावर हाय बाबामधी!" म्हणत एक ड्रायव्हर पावतीच्या खिडकीकडं धावला. बाकीच्यांनी तिथूनच हात जोडले.

हे खंडेनवमीपासून चाललं होतं. मालक आप्पासाहेब मूळचे शेतकरी. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा त्यांनी हातपाय न गाळता कारखाना काढला. माणूस दिलदार, पण जीव जडला की सत्कार केल्याशिवाय चैन पडत नसे. त्या दिवशी लेथला झेंडूच्या माळा पडल्या, ट्रकला नारळ फुटले आणि नव्याकोऱ्या सर्व्हरच्या अंगावर गुलमंडीच्या बाजारातून आणलेली जाड, नक्षीदार विणीची हिमरू शाल आली. दुसऱ्याच दिवसापासून दुपार कलली की यंत्र मान टाकू लागलं.

यंत्राची जबाबदारी संघमित्रा हिवराळेची. तिनं तारा तपासल्या, जोड बदलले, विजेचा दाब मोजला. शाल तेवढी तिनंही शोभेची म्हणून सोडून दिली. तिला कारण सापडायच्या आत रामकिसननं महाराजांना आणलं आणि महाराजांना कारण लगेच सापडलं.

"देवाला न चालणारा हात यंत्राला लागलाय. विटाळ झालाय."

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं. त्याच विद्यापीठाची पदवी घेऊन संघमित्रा इथं आली होती. कुणाचा हात, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना एकदम फायलीत डोकं घालायची हुक्की आली.

"थोडे दिवस खोलीबाहेरच बसा, बाई," आप्पासाहेब खिडकीकडं बघत म्हणाले. "दिवाळीपर्यंत असंच राह्यलं, तर मग दुसरीकडं बघावं लागंल तुम्हाला."

तिला संताप आला. रडूही आलं, आणि त्याचा जास्त संताप आला.

मग काचेबाहेर बसून ती बघत राहिली. महाराजांचा मंत्र कधी लांबायचा, कधी आटोपायचा. पण आधी ते शाल काढून मांडीवर घेत. जप करता करता डावा हात हळूच यंत्राच्या पाठीमागं नेत आणि तो हात परत आला की मगच म्हणत, "दाबा!" यंत्र चालू झालं की शालीची दुहेरी घडी करून ते यंत्राला गच्च लपेटत. मंत्राला मिटणारे डोळे या कामाला मात्र टक्क उघडे असत.

संघमित्रा उठली ती थेट आप्पासाहेबांकडं गेली.

"उद्या मंत्र नको, शालही नको. मी आत बसते. परवा दोन्ही असू द्या, महाराज आत बसतील."

"आन् उद्या बंद पडलं तर?"

"तर मी आपल्या पायानं जाते."

दुसऱ्या दिवशी तिनं शाल काढून कपाटावर ठेवली आणि सगळ्यांच्या देखत यंत्रावर हात ठेवला. सुटीचा भोंगा झाला तरी यंत्र चालूच होतं.

"बाबाच्या मंत्राचा असर उरला असंल," रामकिसन म्हणाला.

तिसऱ्या दिवशी महाराज सकाळीच येऊन बसले. शाल दुहेरी, आवाज तिप्पट. दुपार कलली आणि ऐन मंत्रात सगळे पडदे गोठले.

"भूत लई चिवट हाय," म्हणत महाराजांनी शालीकडं हात नेला.

"शालीला हात नको, महाराज," संघमित्रा म्हणाली. "नुसत्या मंत्रानं चालू करा."

महाराज ओरडून ओरडून घामाघूम झाले. यंत्राला पाझर फुटेना.

"आप्पासाहेब, मागून हात घालून बघा."

आप्पासाहेबांनी हात घातला आणि झटक्यानं ओढला. "आरं, हे तर तव्यागत तापलंय!"

"तापणारच. पाठीमागच्या पंख्यानं आतली गरम हवा बाहेर टाकायची असते. आपण त्याचं नाक-तोंड शालीनं बांधलं. महाराज शाल काढत आणि यंत्र निवेपर्यंत मंत्र म्हणत. निवलं की नाही, ते हातानं बघत. पुन्हा बोलावणं यावं म्हणून पुन्हा बांधत."

आप्पासाहेबांनी स्वतः शाल काढली. यंत्र निवल्यावर रामकिसननं बटण दाबलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. पडदे उजळले.

"आता आठवलं!" मागून एक ड्रायव्हर ओरडला. "शहागंजात रेडू-टेप दुरुस्त करायचा ना हा!"

"तुमच्या श्रद्धेतच खोट हाय," असं पुटपुटत महाराज खडावा हातात घेऊन निघाले. गर्दी हसली आणि पांगू लागली.

संघमित्रा हसली नाही. "आप्पासाहेब, यंत्राचं झालं. माझ्या हाताचं काय?"

पांगणारी माणसं थबकली.

"शाल उचलून बघायला कुणाला डिग्री लागत नव्हती," ती म्हणाली. "पण माझा हात विटाळलेला, हे तुम्हाला आधीच पटलेलं होतं. मग बघायचं कशाला?"

आप्पासाहेबांची मान खाली गेली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "चुकलं माझं. विटाळ यंत्राला नव्हता, आमच्या डोक्यात व्हता." त्यांनी खोलीचं दार उघडून धरलं, आणि ती आत गेली.

मंडळी, यंत्र बिघडेल, विहीर आटेल, घरात कुणी आजारीही पडेल. अशा वेळी हात घालून बघा, एक गोष्ट बदलून बघा, कारण सापडेपर्यंत विचारत राहा. कारण सापडत नाही म्हणून दोष ठेवायला माणूस मात्र शोधू नका.