चौदा नंबरात घुसलेली सतरा रोपं

माझा स्वभाव तापट आहे, आणि धसईच्या शेतात तो जास्तच तापायचा. साल एकोणीसशे नव्व्याण्णव. भात कापून मोकळी झालेली कमळू पाटलांची दोन एकर जमीन आमच्या बियाणे कंपनीने हिवाळ्यापुरती भाड्याने घेतली होती. तिथे मी संकरित मक्याच्या आईबापांच्या लाइनी वाढवत होतो.

या लाइनी दिसायला अगदी दरिद्री. सात-आठ पिढ्या प्रत्येक झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसाला देत आणायचं, म्हणजे सगळी झाडं एकसारखी होतात. पण त्या पायी किडकिडीतही होतात. मग अशा दोन वेगळ्या घराण्यांचा संकर केला की त्यातून निघालेला मका आईबापांना लाजवील इतका उंच वाढतो. घराण्यात परकं झाड शिरलं तर मात्र सगळी मेहनत मातीत.

त्या वर्षी माझा जीव चौदा नंबरच्या लाइनीत अडकला होता. कमी पाण्यावर तग धरणारी म्हणून तिचं नाव होतं. कंपनीतल्या माझ्या साहेबांनी चाळीस दाणे मोजून दिले आणि बजावलं की याशिवाय आमच्याकडे दाणा नाही. चाळिसातले तेवीसच उगवले. शेजारी नऊ नंबरची लाइन, तिथे एकेका खड्ड्यात दोन-दोन रोपं दाटली होती. शेतावर मजुरीला येणाऱ्या भागीबाईला मी तिथे विरळणी करायला, जादा रोपं उपटून टाकायला सांगितलं आणि आठवडाभर पुण्याला हापिसात गेलो.

परत आलो तर चौदा नंबरात चाळीस रोपं उभी.

भागीबाई पलीकडच्या डोंगरवाडीची, वय पंचेचाळीस-पन्नास, जन्म भाताच्या लावणीत गेलेला. भाताचं रोप मेलं की त्या जागी दुसरं लावायचं, मोकळी जागा दिसता कामा नये, हे तिच्या हातात मुरलेलं. नऊ नंबरातून उपटलेली रोपं फेकवेनात, म्हणून तिने ती चौदाच्या रिकाम्या जागांत लावली आणि रोज कळशीने पाणी घालून जगवली. मला ते तिने कौतुकाने दाखवलं. मी इतका ओरडलो की बांधापलीकडचे कमळू पाटील धावत आले. खरं तर चूक माझीही होती. उगवलेल्या रोपांशेजारी खुंट्या रोवायच्या राहून गेल्या होत्या, पण ते मी त्या वेळी कुणाला बोललो नाही.

 माझं ओरडून झाल्यावर भागीबाईने विचारलं की ती रोपं इथे का नकोत. मी घराण्याचं सगळं समजावलं. तिने ते ऐकून घेतलं आणि ओळीत उकिडवी बसली. चौदाच्या खोडाला मातीलगत लाल झाक असते, नऊचं खोड हिरवं असतं, हे तिने माझ्याआधी टिपलं होतं. एकेका रोपाचं बूड बोटाने साफ करत तिने सोळा रोपं उपटली. प्रत्येक वेळी मी बघितलं आणि प्रत्येक वेळी ती बरोबर होती.

सतराव्याला आमचं बिनसलं. उरलेल्या चोवीस रोपांत एक चांगलंच लाल होतं आणि एक फिकट. माझ्या मते फिकट ते परकं. भागीबाईने लालावर हात ठेवला.

"हे माजं हाय सायेब," ती म्हणाली. "लावताना मुळी दुखली, म्हून लाल झालंय. ही लाली दुखन्याची, जल्माची नाय."

मी कृषी पदवीधर आणि ती अंगठा उठवणारी. तरी मी मान डोलावली, ते लाल रोप नंतर मीच उपटीन म्हणालो, आणि दोन्हींतलं एकही उपटलं नाही. तुरे आले तेव्हा परका पराग लागू नये म्हणून इतरांसारखी त्या लाल झाडालाही कागदी पिशवी बांधली, त्याचा पराग त्यालाच दिला आणि कणीस वेगळं ठेवलं. तिचं खरं निघालं तर माझं शिक्षण काय कामाचं, या विचाराने मला चीड येत होती, आणि त्या चिडीची लाजही वाटत होती.

पुढच्या हिवाळ्यात प्रत्येक कणसाची वेगळी ओळ पेरली. फिकट झाडाच्या ओळीत पंधरवड्यात सगळी खोडं लाल झाली, चौदाची अस्सल लेकरं. आणि मी लपवून ठेवलेल्या लालबुंद झाडाच्या ओळीत वीसच्या वीस रोपं हिरवीगार, साफ नऊ नंबरची. ते कणीस मी माझ्या हुशारीने बाकीच्यांत मिसळलं असतं तर चौदा नंबर तिथेच संपला असता.  तेवीस कणसांच्या तेवीस ओळी मात्र एका साच्यातल्या निघाल्या. लाइन वाचली होती.

बांधाकडेला, आदल्या हिवाळ्यात चौदाचा पराग नऊच्या काही कणसांना देऊन केलेला संकर पेरला होता. माघात त्याच्या शेंड्याला कमळू पाटलांचाही हात पुरेना, आणि मी मुद्दाम पाण्याच्या दोन पाळ्या चुकवल्या होत्या तरी एक पान सुकून वळलं नव्हतं. भागीबाई वर बघून हसत होती. तेव्हा मला राहवलं नाही.

"भागीबाई, ते झाड मी उपटलं नव्हतं."

"ठावं हाय. तुमी पिशवी बांधलीत ती मी बगली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून तुमी आयकलं नसतं. उगवल्यावर आयकाल, वाटलं."

मी तिची माफी मागितली. साहेब लोकांनी माफी मागायची तिला सवय नसावी, ती अवघडून गवत उपटू लागली. त्या वर्षी सात नव्या लाइनी आल्या होत्या आणि त्यातली परकी झाडं काढायचं काम बाकी होतं. मी वही काढली आणि सवयीने पहिल्या ओळीकडे वाकलो. तिने मला हाताने मागे सारलं.

"औंदा कुठलं उपटायचं ते मी सांगन," ती म्हणाली. "तुमी निस्तं लिवा."

ती पुढे सरकत गेली आणि मी तिच्यामागे लिहीत गेलो.