रसिका नवरी नाही

बडोद्यात मराठी माणसाला एक शब्द जपून वापरावा लागतो. नवरी. मराठीत नवरी म्हणजे मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभी राहिलेली मुलगी. गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी बाई, जिच्या हाताला काही काम नाही ती. ‘तू नवरी छे ने?’ म्हणजे ‘तू मोकळीच आहेस ना?’ आमच्या पिढ्या इथे गेल्या, त्यामुळे दोन्ही अर्थ आमच्या जिभेवर नांदतात आणि घरात नवी सून आली की या शब्दावरून एकदा तरी हशा होतोच. होऊ दे. पण हल्ली तो शब्द कानावर पडला की तळपायाची आग मस्तकात जाते. का, ते रसिकाची गोष्ट ऐका म्हणजे कळेल.

रसिका मांजलपूरला राहते. जी मुलं वेळेवर बोलत नाहीत, त्यांना बोलतं करणं हे तिचं काम. त्याचं रीतसर शिक्षण घेतलेली, हुशार मुलगी. सानवी झाली तेव्हा तिनं पूर्ण वेळची नोकरी सोडली, पण काम सोडलं नाही. सकाळी सानवी बालमंदिरात असते तेवढा वेळ ती एका हॉस्पिटलात पार्ट टाइम जाते. दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंत घराच्या पुढच्या खोलीत तिचं स्वतःचं केंद्र चालतं. जमिनीवर सतरंजी, भिंतीला मुलांच्या उंचीचा आरसा, चित्रांचे पत्ते आणि फाटकावर पाटी, ‘बोलू या’. ही पाटी लावायला तिला किती धाडस करावं लागलं असेल, ते पाटी लावणाऱ्यांनाच ठाऊक.

लोकांना मात्र एवढंच दिसलं, की रसिका दुपारी घरी असते. झालं! शेजारणीचं कुरिअर रसिकानं घ्यायचं. गॅसवाला आला की रसिकानं उठायचं. चुलतसासूच्या ब्लाउजसाठी टेलरकडे रसिकानं जायचं. सासूबाईंचं बँकेतलं काम तर तिचंच. ‘तू नवरीच आहेस ना दुपारची?’ पार्ट टाइम म्हणजे अर्धा दिवस काम आणि उरलेला अर्धा दिवस गावाचा, असा या लोकांचा हिशेब. आणि सानवीला जरा ताप आला की हीच मंडळी म्हणणार, स्वतःची पोर टाकून दुसऱ्यांच्या पोरांना बोलायला शिकवते. आहे का नाही कमाल?

नवरा आशय बाजव्याकडच्या एका प्लांटमध्ये इंजिनिअर. स्वभावानं गरीब. चारचौघांत कौतुकानं सांगायचा, ‘आमच्या मिसेस घरबसल्या मस्त करतात.’ घरबसल्या! दिवसभर सतरंजीवर मुलांबरोबर रांगून जिची कंबर धरते, तिला हा म्हणतो घरबसल्या.

त्या शनिवारी आशयच्या बहिणीला, उत्कर्षाला, पाहायला मंडळी येणार होती. खरं तर रविवारी यायची होती, पण त्यांनी सकाळी फोन करून आजच दुपारी येतो म्हणून सांगितलं. सासूबाईंनी, म्हणजे शालिनीबाईंनी, लगेच पुढची खोली ताब्यात घेतली. सतरंजी गुंडाळली, आरसा उतरवून गॅलरीत ठेवला, चित्रांचे पत्ते कपाटावर टाकले.

रसिका हॉस्पिटलातून आली तर ही अवस्था.

“आई, आज ध्रुवी यायची आहे. करजणहून. मागच्या खेपेला तिनं पहिल्यांदा ओठ मिटून ‘म’ काढलाय. अजून एकही शब्द बोललेली नाही ती पोर. आता खंड पडला तर सगळं मागे जाईल.”

“एक दिवस नाही आली तर काय बिघडतं?” शालिनीबाई म्हणाल्या. “इथे माझ्या मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे.”

“मी आतल्या खोलीत घेते तिला. तुमच्या पाहुण्यांना आवाजसुद्धा येणार नाही.”

“बरं बाई, घे. पण पोहे तूच करायचेस. उत्कर्षाला तयार व्हायचंय.”

रसिकानं आशयकडे पाहिलं.  तो म्हणाला, “मी सानवीला बघतो ना. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

हा एक दिवस, बरं का मंडळी, दर आठवड्याला येतो. नाव तेवढं बदलतं.

चार वाजायला आले तशी रसिका कांदा चिरून, पोहे भिजवून तयार. ध्रुवी आली की कढई उत्कर्षाकडे द्यायची, असं दोघींचं ठरलं होतं. पाहुणे आले. निरुपमाबाई आणि त्यांचा मुलगा धैर्यशील. निरुपमाबाईंचा दांडिया बाजारात दातांचा दवाखाना होता, मुलगी सानवीएवढी असल्यापासून त्यांनी तो चालवला. आता तीच मुलगी तिथे बसते. रसिका फोडणी घालत होती. फाटक वाजल्यासारखं वाटलं. मग कुणाचाच आवाज नाही. बराच वेळ गेला तरी ध्रुवीचा पत्ता नाही, म्हणून तिनं ध्रुवीच्या आईला, हंसाबेनला, फोन लावला.

“बेन, आम्ही तर बसमध्ये बसलो,” हंसाबेन गुजरातीत म्हणाली. “बस निघाली पण. तुमच्या सासूबाई फाटकात होत्या. म्हणाल्या, बेन बाहेर गेल्यात.”

रसिकानं गॅस बंद केला आणि पुढच्या खोलीत गेली. तिथे शालिनीबाई हसून सांगत होत्या, “उत्कर्षाला स्वतःचं ऑफिस काढायचंय, आर्किटेक्ट आहे ना. काढू दे की. आमची सूनही घर सांभाळून सगळं करते. तिचं काम घरात कुणाला जाणवतसुद्धा नाही.”

“आई,” रसिका दारातूनच म्हणाली, “मी बाहेर गेलेय का?”

शालिनीबाईंचा चेहरा पडला.

“फाटकात तुम्ही सांगितलंत, बेन बाहेर गेल्यात. मग आत पोहे कोण परतत होतं?”

“रसिका, आत्ता नको,” आशय हळूच म्हणाला.

“मग कधी? पाहुणे नसले की तुम्हाला वेळ नसतो, आणि पाहुणे असले की आत्ता नको. पाच वर्षांची पोर, उन्हातून बसनं आली. तिला दारातून परत पाठवलं, आणि माझ्या नावानं खोटं सांगून! मला विचारावं असंसुद्धा कुणाला वाटलं नाही.”

“अगं, पाहुण्यांच्या पाठोपाठच ती बाई आली,” शालिनीबाई म्हणाल्या. “ते मूल मध्येच ओरडतं. तेव्हा घाईत तोंडून निघून गेलं. तुझं काय, तू तर दुपारची नवरीच असतेस. उद्या बोलव तिला. आणि चारचौघांत असं बोलतात का? सारं नाही दिसत, शोभत नाही.”

आता उत्कर्षा उठली. पाहायला आलेल्यांसमोर मुलीनं मान खाली घालून बसायचं, हे तिला दोन दिवस पढवलेलं. पण ती उठली.

“आई, मला नवरी व्हायचंय, पण नवरी व्हायचं नाही. कळतंय का तुला फरक? आज वहिनीला जे म्हणतेस तेच उद्या मला म्हणतील. माझं ऑफिस घरात असलं, की माझ्या क्लायंटलाही कुणीतरी फाटकातून परत पाठवेल. मग कुठल्या तोंडानं तक्रार करशील?”

धैर्यशील काहीतरी बोलायला गेला, पण निरुपमाबाईंनी त्याला हातानंच थांबवलं.

“शालिनीताई, राग मानू नका,” त्या म्हणाल्या. “मी एक विचारते. तुमचा आशय प्लांटवर असतो, तेव्हा त्याच्या गेटवर जाऊन तुम्ही सांगाल का, की आज घरी पाहुणे आहेत, आशय कामावर नाही?”

“ते कसं सांगेन? त्याची नोकरी आहे.”

“आणि ही काय करते? पत्त्यांचे डाव मांडते? पेशंटला वेळ दिली की ती वेळ पेशंटची. ती ना सुनेची, ना सासूची. मुलं लहान असतात तेव्हा बाई काम कमी करते. पण कमी काम म्हणजे हलकं काम नव्हे. उलट तेवढ्याच वेळात सगळं बसवायचं असतं, म्हणून त्यातलं कुणी चिमूटभर उचललं तरी सगळं कोसळतं. आणि आशय, तुम्हाला एक सांगू? बायकोचं कौतुक करणं फुकट असतं. तिच्या दारावर उभं राहून ‘ती कामात आहे’ म्हणायला मात्र हिंमत लागते. ते तुमचं काम होतं.”

आशयनं खाली पाहिलं. मग उठला आणि कपाटावरचे चित्रांचे पत्ते काढू लागला. “चूक माझी आहे,” तो म्हणाला. “आईनं आरसा उतरवला तेव्हाच मी बोलायला हवं होतं.”

शालिनीबाई जागेवरून उठल्या. बाई दुष्ट नव्हती हो. आपल्यातल्या कितीतरी जणींसारखीच होती. बाईच्या वेळाला किंमत असते, हे त्यांना त्यांच्या आयुष्यात कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी रसिकाकडे हात केला. “लाव त्या बाईला फोन.”

रसिकानं फोन लावून त्यांच्या हातात दिला. शालिनीबाई म्हणाल्या, “हंसाबेन, बेन घरातच होत्या. मी खोटं बोलले. माझं चुकलं.”

पलीकडून हंसाबेनचा आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकला. “मने खबर हती, बा. आतून बेनचा आवाज येत होता. मने थयुं, आजे बेन नवरां नथी.”

तिला सगळं ठाऊक होतं. वाटलं होतं, आज बेन रिकाम्या नाहीत, कामात आहेत. करजणहून मूल घेऊन आलेल्या त्या बाईनं एवढं समजून घेतलं. दारातून हाकललं तरी! आणि आपण, एका छताखाली राहणारे, शिकलेसवरलेले, आपल्याला मात्र ते समजायला घरात पाहुणे यावे लागतात.

गोड शेवट हवा असेल तर तो माझ्याकडे नाही. सोमवारी ध्रुवी आली. सतरंजी होती, आरसा जागेवर होता, पण पोरीनं ‘म’साठी ओठ मिटले नाहीत. फाटकाकडेच बघत राहिली. रसिकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. एका घाईत बोललेल्या खोट्याची ही किंमत, आणि ती कुणी भरली? जिला अजून बोलतासुद्धा येत नाही, तिनं. निरुपमाबाईंकडून होकार आलाय, उत्कर्षा मात्र म्हणाली, आधी धैर्यशीलशी नीट बोलते, मग सांगते.

एवढं मात्र झालं, की त्याच सोमवारी शेजारीण फाटकात आली. “रसिका नवरी छे ने? जरा माझ्या छोकऱ्याला बघ म्हणावं, मी बाजारात जाऊन येते.”

शालिनीबाई फाटकात आडव्या उभ्या राहिल्या. “नाही. रसिका कामावर आहे.”

“कामावर? घरात तर दिसतेय.”

“घरात आहे आणि कामावर आहे,” शालिनीबाई म्हणाल्या. “सहानंतर ये. आणि तेव्हासुद्धा आधी तिला विचार.”

वाचकहो, आपल्या घरात अशी एखादी रसिका असेलच. कुणी केक करते, कुणी हिशेब लिहिते, कुणी शिकवण्या घेते, मांडीवर मूल घेऊन काम करते. तिला आदर्श सून म्हणू नका, घर सांभाळून सगळं करते म्हणून टाळ्या वाजवू नका. तिच्या कामाच्या वेळेला तिच्या दारावर उभे राहा आणि येणाऱ्याला सांगा, ती कामावर आहे. तेवढं जमत नसेल, तर निदान तिच्या नावानं खोटं तरी बोलू नका.