मागच्या खोलीची लाइन

जॉइंटरबाईंना कुणी "होणार नाही" म्हटलं की आधी त्यांच्या कपाळावरची शीर उडायची आणि मग हात शिवशिवायला लागायचे. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं त्यांनी रस्त्यातल्या खड्ड्यात उकिडवं बसून तुटलेल्या केबल जोडल्या होत्या. वर साहेब छत्री धरून उभा, खाली बाई तारांच्या चारशे जोड्यांच्या गुंत्यात. साहेब बदलत गेले, बाई खड्ड्यातच राहिल्या. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी लोकांच्या तोंडी नाव तेच होतं.

त्या मंगळवारी "होणार नाही" म्हणणारा इसम डिश कंपनीचा फिटर होता. चांगला पन्नाशीचा, चष्मा डोक्यावर चढवलेला. हॉलच्या मधोमध उभा राहून तो उंटावरून शेळ्या हाकत होता.

"मावशी, मागच्या खोलीत टीव्ही हवा तर डिशपासून दुसरी कोअॅक्स टाकावी लागणार. ही अशी जाडी काळी वायर. गच्चीवरून खाली आणायची आणि भिंतीला भोक पाडून आत घ्यायची."

"भोक नाही!" जिन्यावरून आवाज आला. घरमालक वरच राहायचे आणि त्यांचे कान खालच्या मजल्यावर असायचे. "करारात लिहिलंय. नवीन भोक पाडायचं नाही, बाहेरच्या भिंतीवर वायर दिसायची नाही. मागच्या भाडेकरूने भिंतीची चाळण केली होती माझ्या!"

"मग नाही होणार," फिटर म्हणाला आणि त्याने पिशवी उचलली. पिशवी उचलायची त्याला भारीच घाई होती.

मागच्या खोलीत जॉइंटरबाईंचे यजमान पडून होते. त्यांना सगळे 'पंच' म्हणत, कारण उभी हयात त्यांनी फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी वाजवली होती. मंत्र्याच्या भाच्याला भर सामन्यात लाल कार्ड दाखवून बाहेर घालवलेला माणूस. सात महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं चार-दोन शब्दांवर आलं. सुरुवातीला त्यांचा पलंग हॉलमध्ये ठेवला होता. येणारा-जाणारा उशाशी उभा राहून हळहळायचा, "काय रुबाब होता माणसाचा!" होता, म्हणे. माणूस समोर डोळे उघडे ठेवून ऐकतोय आणि हे 'होता' म्हणतायत. पंचांनी दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. पलंग मागच्या खोलीत नेला तेव्हा कुठे घास घेतला.

पण मागच्या खोलीत दिवसभर भिंतीकडे तोंड. डॉक्टरांनी बजावलं होतं की यांना काहीतरी बघायला, ऐकायला हवं, डोकं चाललं पाहिजे, नाहीतर माणूस विझत जाईल. मुलाने आपल्या परीने तोडगा काढला: टीव्ही हॉलमध्ये आहे, तर बाबांना हॉलमध्ये आणू. येत्या रविवारी शेजारचे दोघं हात लावायला येणार होते. मुलगा वाईट नव्हता, फक्त घाईत होता. आणि घाईतल्या माणसाला दुसऱ्याची लाज दिसत नाही.

"थांबा," बाई फिटरला म्हणाल्या. त्यांनी हॉलमधला बॉक्स उलटा केला. काळ्या वायरीच्या शेजारी एक चौकोनी खाच रिकामी होती. "हे काय?"

"ते नेटवर्कचं. कंपनीचा एक छोटा बॉक्स येतो. तो या मोठ्याकडून घरातल्या नेटवर्कवरनं चित्र घेतो. त्याला डिशची वायर नाही लागत."

"मग मघापासून काय गाणं गात होतात?"

"अहो मावशी, तो आम्ही वायफायवर लावतो. तुमचं वायफाय स्वयंपाकघराच्या पुढे जातच नाही. मध्ये दगडी भिंत, वर लोखंडी टाकी."

"आणि नेटवर्कची वायर टाकली तर?"

"टाका की! पण नेणार कुठून? भिंतीतून?"

"ते माझं मी बघते. तो छोटा बॉक्स ठेवा आणि निघा."

बाईंनी वायर खरोखरच भिंतीतून न्यायचं ठरवलं होतं, हे फिटरला कळलं नाही. या घरात राहायला आल्या त्याच दिवशी त्यांना हॉलच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, रंगाच्या पाच थरांखाली दबलेलं एक गोल झाकण दिसलं होतं. दुसऱ्या कुणाला ते भिंतीला आलेलं गळू वाटलं असतं. तसलंच झाकण मागच्या खोलीत पलंगाखाली होतं. जुन्या काळी घरात दोन टेलिफोन असत, एकाच लाइनवर. दोन झाकणांच्या मध्ये भिंतीच्या पोटात पाइप असणार आणि पाइपात मेलेली टेलिफोनची वायर.

बुधवारी सकाळी मुलगा कामावर गेल्या गेल्या बाईंनी सुनेला हाक मारली. जुन्या वायरीच्या टोकाला आदल्या संध्याकाळी बाजारातून आणलेली निळी वायर बांधली, सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळली, पंचांच्या अंगाला लावायची पावडर मूठभर चोपडली. सून हॉलमधून वायर सोडत होती, बाई पलंगाखाली पालथ्या पडून ओढत होत्या.

"आई, अडकली!"

"अडकू दे. एक हात मागे घे, मग परत सोड. जोर नाही करायचा, फसवायचं तिला."

वर पलंगावर पंचांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं होतं. बायकोचे पाय पलंगाखालून बाहेर आलेले त्यांना दिसत होते. ते घशातल्या घशात हसले, आणि बाईंना तेवढ्यानेही हुरूप आला.

घरमालक खाली आलेच. "काय ठोकताय?"

"ठोकत नाही, ओढतोय," पलंगाखालून उत्तर गेलं.

"भोक?"

"तुमच्या वडिलांनी पाडलेलं आहे. करारात 'नवीन भोक' लिहिलंय. चष्मा लावून वाचा!"

वडिलांच्या भोकाविरुद्ध बोलायची सोय नव्हती, तेव्हा पावडर सांडल्याबद्दल बोलून घरमालक वर गेले.

वायर आली. आता दोन्ही टोकांना प्लग बसवायचे होते. वायरीत आठ तारा, चार जोड्या, प्रत्येक जोडी पीळ घातलेली. वायरीबरोबरच आणलेल्या तपासणीच्या यंत्राच्या खोक्यावर रंगांचा क्रम छापला होता. बाईंनी तो वाचला आणि त्यांचं डोकंच फिरलं. हिरव्या जोडीच्या दोन तारा एकमेकींपासून तोडून मध्ये निळी जोडी घुसवली होती.

"कुणा अर्धवटाने काढलंय हे?" त्या सुनेला म्हणाल्या. "निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. जोडीला जोडी लागून. एकतीस वर्षं हाच क्रम लावला मी, झोपेतही चुकणार नाही."

त्यांनी आपला क्रम लावला. यंत्रावर आठही दिवे ओळीने लागले. हॉलमधलं टोक राउटरला, मोठा बॉक्सही राउटरला, इकडचं टोक छोट्या बॉक्सला, त्याला सुनेच्या माहेरचा जुना टीव्ही. चित्र आलं! हिरवं मैदान, धावणारी माणसं. पंचांची मान उशीवरून उचलली गेली.

मान परत टेकायच्या आत चित्राचे चौकोन झाले. खेळाडूचं डोकं एकीकडे, पाय दुसरीकडे. मग पडदा काळा. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. संध्याकाळी मुलाने ते पाहिलं आणि दमलेल्या आवाजात म्हणाला, "आई, पुरे आता. तुझ्या काळातल्या वायरी वेगळ्या होत्या गं. रविवारी पलंग हलवू."

बाईंना ते लागलं.

गुरुवार आणि शुक्रवार त्यांनी दोष देण्यात घालवले. बॉक्सला दिला, राउटरला दिला, कंपनीच्या सात पिढ्यांना दिला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं चाललं होतं, पण बाईंना ते सांगणार कोण? शनिवारी दुपारी त्या पलंगाशी वायरीचा तुकडा सोलत बसल्या होत्या. पिळाच्या तारा बोटांनी उलगडत होत्या. एवढा घट्ट पीळ टेलिफोनच्या वायरीत कधी नसे. एवढा पीळ घातलाय तर त्याचं काही कारण असणार.

आणि त्यांचा हात थांबला. खड्ड्यातल्या दिवसांत एक तक्रार नेहमी यायची: फोन चालतो, घंटा वाजते, पण शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येतं. कारणही नेहमी एकच. नवशिक्याने एका जोडीतली एक तार आणि दुसरीतली एक, अशी मिळून लाइन केलेली. मीटर म्हणतं सगळं ठीक, पण दोघी एका पिळातल्या नसल्या की बोलणं इकडचं तिकडे झिरपतं. अशा किती पोरांचे कान त्यांनी पिळले होते!

त्यांनी यंत्राचं खोकं ओढलं. छापलेल्या क्रमात तिसरी आणि सहावी तार हिरव्या जोडीची होती. म्हणजे हे बॉक्स तीन आणि सहा या तारांच्या जोडीवर बोलतात. त्यांच्या क्रमात तिसरी नारिंगीतली होती आणि सहावी हिरव्यातली. ज्या क्रमाला त्या अर्धवट म्हणाल्या, त्याने जोडी सांभाळली होती. जोडी फोडली होती ती एकतीस वर्षांच्या जॉइंटरबाईंनी.

"अहो," त्या पंचांना म्हणाल्या, "चूक माझीच हो. दोन दिवस उगाच जगाला शिव्या घातल्या."

पंचांनी डावा हात उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. बाईंना भरून आलं, पण रडत बसायला वेळ कुणाला होता? दोन्ही प्लग कापून टाकले, छापलेल्या क्रमाने नवे बसवले. चित्र लागलं आणि लागलेलंच राहिलं. पाच मिनिटं, वीस मिनिटं, एक तास. बाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. सुनेलाही ओठांवर बोट ठेवायला लावलं.

रविवारी सकाळी मुलगा शेजारच्या दोघांना घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी आला. बाह्या वर सारलेल्या, पलंग उचलायच्या तयारीने. आत सामना चालू होता. पंच तीन उशांना टेकून बसले होते, केस विंचरलेले, दाढी केलेली. बाई पायथ्याशी होत्या, उठल्या नाहीत.

"पलंग इथेच राहणार," त्या म्हणाल्या.

"अगं पण आई, हे दोघं मुद्दाम आलेत..."

"मला नको सांगूस. ज्यांचा पलंग आहे त्यांना विचार. सात महिन्यांत एकदा तरी विचारलंस?"

मागून शेजाऱ्यांपैकी एकाने मान पुढे काढली, पंचांना पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून च्चच्च केलं. "काय हो माणूस..."

"बाबा," मुलाने घाईघाईने विचारलं, "कुठे राहायचंय तुम्हाला?"

पंचांनी पडद्यावरून नजर काढली. आधी शेजाऱ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. ओठ वाकडे झाले, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि सात महिन्यांत त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते असे दोन शब्द स्वच्छ बाहेर पडले.

"दार लाव."

मुलगा लाल झाला. शेजाऱ्यांना काहीतरी पुटपुटत त्याने हॉलकडे वाट दाखवली. मग आत पाऊल टाकलं, दार लावलं, आणि बापाच्या डाव्या अंगाला, पलंगाच्या कडेवर बसला.