लोरिसबाईंचं जनुक

लोरिस ही माणसाची सख्खी बहीण निघाली. चिंपांझी मागे पडला, गोरिलाला तर कुणी विचारलंही नाही. हे पडद्यावर स्वच्छ दिसलं आणि दीडफुट्यानं आनंदाच्या भरात प्रयोगशाळेतली फिरती खुर्ची स्वतःसकट गरगर फिरवली.

आता हे विसरा. पडद्यावर दिसलं, पण तसं काही नव्हतंच.

झालं ते असं. दीडफुट्या हा मॅडमकडे पीएचडी करत होता. उंचीवरून घरात पडलेलं हे नाव प्रयोगशाळेतही पोचलं, कारण ताई एकदा त्याचा विसरलेला डबा घेऊन आली आणि दारातूनच हाक मारून मोकळी झाली. त्याचा विषय होता वाढीचं संप्रेरक, म्हणजे शरीराला 'वाढ आता' असं सांगणारा निरोप. "याला स्वतःला तो आला नाही, म्हणून बाकीच्यांना आला का ते विचारत फिरतोय," असं ताई पाहुण्यांना समजावून सांगायची. हा निरोप ज्या जनुकात असतो, त्याची अक्षरं माणूस, वानरं, माकडं आणि लोरिस यांच्यात ताडून बघायची आणि नात्यागोत्याचं झाड काढायचं, एवढंच काम.

लोरिस म्हणजे माकडांची लांबची, रात्रीच हिंडणारी नातेवाईक. मांजराच्या पिल्लाएवढी, त्यातही निम्मे डोळेच. चालते अशी, की पुढचं पाऊल टाकायला वरून मंजुरी यायची आहे. प्राणिसंग्रहालयातली लोरिस म्हातारी होती. तिथल्या डॉक्टरांनी तिचं थेंबभर रक्त दिलं आणि हात जोडले. "पुन्हा मागू नका. आजीबाईंना सुई लावायला माझा हात धजत नाही." त्यातला निम्मा नमुना या पहिल्या फेरीत संपला होता. लोरिसशिवाय झाड अपुरं, आणि झाडाशिवाय पदवी नाही.

पडद्यावर लोरिसला माणसाशेजारी बसवणारं झाड बघून मॅडम त्याच्याकडे वळल्या.

"नळी उघडताना तू बोलतोस ना रे?"

"नाही, मॅडम."

"काल भिंतीपलीकडून 'ये गं राणी, लाजू नकोस' असं कोण म्हणत होतं?"

दीडफुट्यानं हनुवटीवरचा मास्क वर ओढला. त्याला बोलायची सवयच होती. तो यंत्राला 'दादा' म्हणायचा, नळ्यांची मनधरणी करायचा, आणि मास्क हनुवटीवर ठेवायचा, कारण मनधरणी मास्कमधून पोचत नाही.

मॅडमनी त्याच्याच गालाच्या आतून बोळा फिरवून घेतला. माणसांमध्येही फार थोड्यांत सापडणारं एक अक्षर लोरिसच्या जनुकात आलं होतं. दीडफुट्याच्या गालातही तेच निघालं. नळीत लोरिस नव्हतीच. दीडफुट्याची थुंकी होती.

"म्हणजे झाडावर माणसाशेजारी बसलाय तो तू," मॅडम म्हणाल्या. "निदान तू माणूस आहेस हे तरी सिद्ध झालं."

"घरी सांगू नका, मॅडम. ताई जगू देणार नाही."

उरलेला नमुना एकाच खेपेपुरता होता. दीडफुट्यानं नळी मॅडमपुढे सरकवली. "तुम्हीच करा ना."

मॅडमचा हात असा, की त्यांच्याकडून थेंब सांडल्याचं भिंतींनाही आठवत नव्हतं. तरी त्यांनी मान हलवली. "तुझ्या हातून बिघडलंय, तुझ्याच हातून होऊ दे." त्यांनी विभागाची बैठक सोडली, स्वतः मास्क चढवला आणि त्याच्या शेजारी स्टुलावर बसल्या. कोपऱ्यात नाही, हाताला हात लागेल इतक्या जवळ. दिवसभर दोघांत एक शब्द नाही. एकदा नळीचं झाकण उघडेना, तेव्हा दीडफुट्यानं तिला डोळ्यांनीच विनवलं. मॅडमनी तेवढं चालवून घेतलं.

नवं झाड आलं ते भलतंच. तुलनेसाठी माकडांच्या कुळाबाहेरचं म्हणून त्यांनी डुक्कर घेतलं होतं. लोरिसचं जनुक थेट डुकराच्या जनुकाशी जुळत होतं.

"संपलं. डुकराला तर मी भेटलोही नाही, मॅडम!"

मॅडम मात्र हसत होत्या. "अरे, हेच तर बरोबर आहे! दोघींनी पणजीचं जुनं पातेलं, म्हणजे जुनं जनुक, जपलंय, म्हणून त्या काही जावा-जावा होत नाहीत. पातेलं मोडीत घालून नवीन घेतलं ते आपण नि माकडांनी. बदल आपल्याकडे झालाय. ती होती तशीच आहे."

दुसऱ्या दिवशी दीडफुट्या प्राणिसंग्रहालयात गेला. आजीबाई फांदीवर होत्या. त्यांनी एक हात उचलला, त्यावर सविस्तर विचार केला आणि होता तिथेच परत ठेवला. एवढं जग बदलून गेलं, पण त्यांना घाई करण्याजोगं त्यात काही दिसलं नव्हतं. दीडफुट्या तोंड उघडायला गेला आणि आपणहून गप्प बसला. कुणाबद्दल इतका आदर वाटण्याची त्याची ही दुसरी वेळ. पहिली, मॅडम शेजारी स्टुलावर बसल्या तेव्हाची.

परत येऊन त्यानं अर्ज लिहिला. मॅडमनी त्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि खाली गंभीरपणे 'शिफारस' लिहून सही ठोकली.

'मा. कुलगुरू यांस सविनय विनंती की, सदर संशोधनातील मूळ माहिती जतन करण्याचे संपूर्ण कार्य श्रीमती लोरिस यांनी कोणत्याही अनुदानाशिवाय पार पाडले असल्याने, अर्जदाराच्या आधी त्यांना पदवी प्रदान करण्यात यावी. समारंभ मंद प्रकाशात व्हावा. व्यासपीठावर पोहोचण्यासाठी त्यांना एक शैक्षणिक वर्ष देण्यात यावे, आणि तोवर मान्यवरांनी कृपया मास्क लावून, काहीही न बोलता, उभे राहावे.'